‘आमिस’ : आधी भूक, मग भीती

भास्कर हजारिका यांचा ‘आमिस’ (२०१९) हा असमिया सिनेमा नरमांसभक्षणावर आहे, हे आधीच कळलं तरी काही बिघडत नाही. उलट ते माहीत असताना पहिला तास बघण्यात वेगळीच मजा आहे, कारण त्या तासात भयपटाचं काहीच घडत नाही. गुवाहाटीतली बालरोगतज्ज्ञ निर्माली, ईशान्येकडच्या मांसाहाराच्या पद्धतींवर पीएचडी करणारा सुमन, आणि दोघांचं एकत्र जेवणं. बस्स. शेवट मात्र इथे सांगणार नाही. तो कोरा राहिलेलाच बरा.

निर्मालीचा नवरा कामानिमित्त सतत बाहेर असतो. तिच्या मैत्रिणीचं बाहेर प्रकरण चालू आहे आणि निर्मालीला ते पसंत नाही. त्यामुळे सुमनबद्दल जे वाटतंय त्याला ती नाव देत नाही, आणि दोघं एकमेकांना स्पर्शही करत नाहीत. सगळं ताटात उतरतं. आधी ससा, मग पुढचं काहीतरी, मग त्याहून अनोळखी काहीतरी. प्रत्येक वेळी सुमनची मांडणी तीच : एकाला जे किळसवाणं, ते दुसऱ्याचं रोजचं जेवण. हा युक्तिवाद ऐकताना आपण मान डोलावतो. पुण्या-मुंबईत मांसाहारी म्हणून भाड्याचं घर नाकारलं गेलेल्या कुणालाही तो पटेलच. पटकथेची खरी ताकद इथे आहे. आपण होकार देत देत इतके पुढे येतो, की सुमन स्वतःच्या मांडीचं मांस काढवून घेतो तेव्हा नेमकं कुठे थांबायला हवं होतं ते बोट ठेवून सांगता येत नाही.

या विषयावरच्या सिनेमांत ढोबळमानाने दोन घराणी आहेत. एक आतडी दाखवणारं, दुसरं ताट दाखवणारं. पहिल्याचा टोकाचा नमुना म्हणजे रुग्गेरो देओदातोचा इटालियन ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ (१९८०). त्यातली हिंसा इतकी खरी वाटली की दिग्दर्शकावर खटला झाला आणि नट जिवंत असल्याचं दाखवून द्यावं लागलं. खांबावर आरपार घुसवलेल्या बाईचं ते गाजलेलं दृश्य फार साध्या करामतीवर उभं होतं : लोखंडी खांबाला सायकलची सीट, तिच्यावर बसलेली नटी, आणि तोंडात धरलेला बाल्साच्या हलक्या लाकडाचा तुकडा. करामत अफलातून आहे. पण त्याच सिनेमात कॅमेऱ्यापुढे प्राणी खरोखर मारले गेले, आणि ते माफ करण्याजोगं नाही. शिवाय धक्का हा एकदाच बसतो. दुसऱ्यांदा बघताना डोळे सायकलची सीट शोधतात.

ताटाच्या घराण्याचं काम जास्त अवघड असतं. ‘हॅनिबल’ या नरभक्षक मानसोपचारतज्ज्ञावरच्या अमेरिकी मालिकेसाठी (२०१३ ते २०१५) जॅनिस पून या फूड स्टायलिस्टनं ताटं सजवली, ती नेहमीच्याच मटणा-डुकराची. पण मांडणी अशी की आधी तोंडाला पाणी सुटावं आणि मग आपण कशाकडे बघतोय ते आठवावं. ही क्रमवारी चुकली की परिणाम गेलाच. किळस आधी आली तर प्रेक्षक मनातून बाहेर पडतो आणि पुढचं सगळं लांबून बघतो.

‘आमिस’मध्ये ही क्रमवारी अचूक जमली आहे. पदार्थ जवळून दिसतात, रस्सा दिसतो, बोटं दिसतात. छायाचित्रकार रिजू दास यांनी जेवणाच्या प्रसंगांना जी ऊब दिली आहे, ती इतर सिनेमांत प्रणयदृश्यांसाठी राखून ठेवतात. आणि मोक्याच्या घासाला महत्त्व चेहऱ्याला आहे. निर्माली झालेल्या लीमा दास मुळात सत्रिया या आसामच्या शास्त्रीय नृत्यशैलीच्या नृत्यांगना आहेत, हा त्यांचा पहिला सिनेमा, आणि ते शिक्षण इथे कामी आलं आहे : डोळे आधी थबकतात, मग जबडा सावकाश हलतो, मग लाज आणि सुख एकदमच चेहऱ्यावर पसरतं. संवादाची गरजच उरत नाही. अर्घदीप बरुआचा सुमन मुद्दाम साधा ठेवलाय. हा मुलगा चेहऱ्यावरून विकृत वाटला असता तर सगळा डोलारा कोसळला असता.

घसरण होते ती शेवटच्या अर्ध्या तासात. तोवर मनात मुरत आलेली गोष्ट घाईघाईनं गुन्ह्याच्या वाटेला लागते. जनावरांचा डॉक्टर असलेला मित्र, एलियास, असल्या शस्त्रक्रियेला तयार होतो हे पटण्याइतका वेळच त्याला दिलेला नाही. मांडीचा स्नायू कापला की चाल बदलते, जखम भरायला आठवडे जातात, ताप येऊ शकतो. या त्रासाला आणखी जागा दिली असती तर सुमनच्या वेडाची किंमत अंगावर आली असती. निर्मालीची तलफ पायरीपायरीनं वाढायला हवी होती, ती एकदम उडी घेते. पहिला तास इतका निगुतीनं रचणाऱ्या दिग्दर्शकाकडून ही घाई खटकते. शेवटच्या प्रसंगाची कल्पना मात्र जबरदस्त आहे, आणि ती सिनेमाला बऱ्यापैकी सावरून घेते.

लांबी पावणेदोन तासांच्या आसपास. भाषा असमिया, त्यामुळे सबटायटल्स लागतीलच, आणि जेवताना बघू नका, कारण जेवत जेवत वाचायच्या नादात पडद्यावरच्या ताटांकडे दुर्लक्ष होतं. इअरफोन लावून बघा. लहान मुलांसोबत अजिबात नको. रक्त फार नाही, पण स्वतःच्या शरीराला इजा करून घेण्याचा भाग मोठा आहे, तो विषय ज्यांना त्रासदायक ठरतो त्यांनी टाळलेला बरा.

आवडला तर पुढे ज्युलिया द्युकुर्नोचा फ्रेंच ‘रॉ’ (२०१६) घ्या. तिथे शाकाहारी घरातली मुलगी पशुवैद्यकीय कॉलेजात जाते आणि रॅगिंगमध्ये सशाचा कच्चा अवयव खायला लावल्यावर तिची भूक जागी होते. ‘रॉ’ अंगावर जास्त येतो, मेकअपचं कामही जास्त उघडंनागडं आहे. म्हणून क्रम हाच ठेवा, आधी ‘आमिस’. उलट केलंत तर हजारिकांचा तो संथ पहिला तास मिळमिळीत वाटायचा धोका आहे, आणि त्या तासासाठीच तर हा सिनेमा बघायचा.