वेल्डिंग सिम्युलेटर: एक शैक्षणिक वर्ष वापरल्यानंतर

जळगाव जिल्ह्यातल्या एका खासगी आयटीआयमध्ये मी वेल्डर ट्रेडचा निदेशक आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे वेल्डिंगचा सिम्युलेटर आला. आता बॅच परीक्षेला बसतेय, त्यामुळे नव्याची नवलाई संपलेली आहे आणि शांतपणे लिहिता येईल. कंपनीचं नाव देत नाही. जे म्हणायचंय ते कंपनीच्या शिक्क्याबद्दल नाही, शिकवण्याबद्दल आहे.

आधी यंत्र कसं आहे ते. एक स्टँड, त्यावर प्लास्टिकची प्लेट, तोच जॉब, म्हणजे वेल्ड करायचा तुकडा. होल्डर (रॉड धरायचा चिमटा) दिसायला खऱ्यासारखा, पण आत सेन्सर. हेल्मेटमध्ये काळ्या काचेऐवजी पडदा. रॉडचं, म्हणजे वितळून जोड भरणाऱ्या काडीचं, टोक प्लेटजवळ नेलं की पडद्यावर आर्क, म्हणजे विजेची लखलखती ज्योत, पेटते, कानात आवाज येतो आणि रॉड जळाल्यासारखा हळूहळू होल्डरच्या आत सरकत जातो. आवाज मात्र फक्कड जमवलाय. आर्क बरोबर असली की कढईत भजी तळल्यासारखा एकसुरी चुरचुराट, लांबली की फसफस. बीड, म्हणजे वेल्डची एक ओळ, संपला की आलेख समोर येतो: आर्कची लांबी, रॉडचे दोन्ही कोन, वेग, सरळपणा, आणि शेवटी शंभरपैकी गुण.

विकणाऱ्यांनी डेमोला पायलटचं उदाहरण दिलं होतं. ते सगळेच देतात. अमेरिकेत एडविन लिंकनं 1929 मध्ये जमिनीवर बसून विमान चालवायला शिकवणारं यंत्र केलं, तेव्हापासून सिम्युलेटर विकायचा म्हटला की विमान आलंच. विमानाला ते शोभतं. रेल्वे इंजिनालाही शोभतं, भुसावळच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. लोको पायलटला खऱ्या गाडीवर चुका करत शिकू देता येत नाही. पण वेल्डिंगमध्ये पोरगा चुकला तर काय जातं? एक रॉड आणि भंगारातल्या पट्टीचा तुकडा. तेवढ्यासाठी लाखांचं यंत्र घ्यायचं असेल तर त्या पैशात चांगले इन्व्हर्टर सेट (वेल्डिंगची हलकी मशीन) येतात आणि वर्षभराचे रॉडही. रॉड वाचतात हे खरं आहे, पण त्या बचतीतून यंत्राची किंमत निघेल असं कुणी सांगितलं तर चहा पाजून वाटेला लावा.

मग यंत्र फुकट गेलं का? नाही. ते कामाला आलं, पण माहितीपत्रकात सांगितलं होतं त्या कामाला नाही.

पोरगं वेल्डिंग करत असताना मी शेजारी उभा असतो, माझ्याही डोळ्यांवर दहा-अकरा नंबरची काच असते. त्या काचेतून आर्कचा ठिपका आणि वितळलेल्या धातूचं डबकं एवढंच दिसतं. त्याचं मनगट, कोपर, खांदा काही दिसत नाही. नंतर स्लॅग (वेल्डवर जमणारी कडक खपली) ठोकून जो बीड हाती येतो त्यावरून अंदाज बांधायचा. बीड उंच आणि अरुंद आला. करंट कमी होता की हात पळाला? कडेला अंडरकट, म्हणजे खाच, पडला. करंट जास्त होता, आर्क लांब होती की रॉड एका बाजूला झोपला होता? एका दोषाला तीन-तीन कारणं. अनुभवानं बऱ्याचदा बरोबर सांगता येतं, पण पोराला ते पटतंच असं नाही. "सर, मी तर हात हलवलाच नाही," हे वाक्य प्रत्येक बॅचमध्ये ऐकायला मिळतं.

यावलकडची एक मुलगी होती. सहा-शून्य-तेरा (6013) प्रकारचा सव्वातीन जाडीचा रॉड (पुस्तकात 3.15 मिमी), करंट साधारण 110 अँपिअर. पहिला अर्धा बीड बघत राहावा असा, पुढे तो चपटा होत जाई आणि आजूबाजूला ठिणग्यांचे दाणे. दर वेळी तसंच. मी करंट उतरवून बघितला, प्लेट बदलली, अर्थिंगचा क्लॅम्प हलवला. शेवटी तिला सिम्युलेटरवर तोच जॉब करायला लावला. वेगाची रेघ सरळ होती, कोनही ठीक होते. आर्कच्या लांबीची रेघ मात्र सुरुवातीला तीन मिलिमीटरवर आणि शेवटाला दुपटीच्या वर, टेकडी चढावी तशी नीट वर जाणारी. रॉड जळून आखूड होतो तसा हात खाली यायला हवा. तिचा येत नव्हता, कारण कोपर टेबलाला टेकलेलं होतं आणि ते तिथंच अडकत होतं. स्टूल बदललं, कोपर मोकळं केलं. बाकी काही करावं लागलं नाही.

कंपनीच्या वेळापत्रकात आधी काही आठवडे सिम्युलेटर आणि मग खरी आर्क होती. दिवाळीनंतर आम्ही तो क्रम उलटा केला. आधी खऱ्या मशीनवर हात भाजू द्यायचा, रॉड चिकटू द्यायचा, वाकडेतिकडे बीड पडू द्यायचे. मग ज्याचं जिथं अडलंय त्यालाच तेवढ्यापुरतं सिम्युलेटरवर पाठवायचं. आधी पाठवलेली पोरं गुण मिळवायला शिकतात. पडद्यावर हिरवे बाण दिसतात, ते सांभाळले की नव्वदच्या पुढे. मोबाइलवर गेम खेळणाऱ्यांचे हात तर सुसाट चालतात. बाण बंद केले की त्यातले निम्मे गडबडतात, आणि खऱ्या प्लेटवर बाण कोण दाखवणार?

उलट बाजूही बघितली. पारोळ्याच्या एका पोराच्या वडिलांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ट्रॅक्टर ट्रॉली, शेडचे ट्रस, जिन्याचे कठडे. हा लहानपणापासून रॉड धरतोय. सिम्युलेटरनं त्याला साठ-पासष्टच्या वर कधी जाऊ दिलं नाही. तो डबक्याकडे बघून वेग बदलतो: फट रुंद दिसली की थांबतो, प्लेट तापली की पळतो. यंत्राला एकसारखा वेग हवा असतो, म्हणून त्याच्या शहाणपणाचे गुण कापले जातात. तेव्हापासून गुण फळ्यावर लावणं मी बंद केलं.

यंत्रात काय नाही, तेही सांगतो. त्यातली प्लेट नेहमी स्वच्छ आणि जाड. आमच्याकडे गावात येणारं काम म्हणजे गंजलेला अँगल, रंगाचे थर चढलेली जुनी ट्रॉली, नाहीतर पातळ चौकोनी पाइप, ज्याला करंट जरा वाढला की भोक पडतं. प्लेट तापून ओढली जाणं, तुकडे जागेवर धरणारे छोटे टाके कुठं मारायचे, क्लॅम्प कुठं लावायचा, यातलं काहीच तिथं शिकता येत नाही. स्लॅग आणि वितळलेलं लोखंड पडद्यावर इतकं वेगवेगळं दिसतं की खऱ्या आर्कमध्ये पोरं गोंधळतात. आणि करंट मेनूतून निवडला की तेवढाच मिळतो. गावात व्होल्टेज उतरलं की जुन्या पद्धतीच्या ट्रान्सफॉर्मर सेटवर 110 ला ठेवलेली करंटची मूठ 110 देत नाही, हे इकडच्या वेल्डरला पहिल्या आठवड्यात कळावं लागतं.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र सवयींची. अमळनेरकडचं एक पोरगं पहिल्याच दिवशी खुशीत म्हणालं, "सर, आठे ते चटकाच नही!" (इथं तर चटकाच नाही!) तिथंच घोडं पेंड खातं. बीड संपायच्या आत हेल्मेट वर करायचं, जॉबला हातानं चाचपायचं, हे सगळं तिथं चालतं आणि तीच सवय शॉपमध्ये येते. डोळ्यांना आर्क लागली की रात्रभर वाळू गेल्यासारखं होतं, मग घरचे बटाट्याच्या चकत्या ठेवतात. आता सिम्युलेटरवरही ॲप्रन, हातमोजे घालायचे आणि जॉब सांडशीनंच उचलायचा असा नियम केलाय. पोरं हसतात, पण पाळतात.

खोलीला एसी आणि यूपीएस लागतो. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास गेला की शॉपमध्ये लेदरचा ॲप्रन घालून उभं राहणं म्हणजे शिक्षा, त्यामुळे सिम्युलेटरच्या सरावाची सगळ्यांना अचानक गोडी लागते. हेल्मेटच्या आतला फोम घामानं कुबट होतो, बदलता येणारे फोम जास्तीचे मागून घ्या. चष्मेवाल्यांना पडदा धूसर दिसतो. दोघा-तिघांना मळमळलं, त्यांना जबरदस्ती केली नाही. सूचना हिंदी आणि इंग्रजीत आहेत, मराठीत नाहीत.

घेणार असाल तर आधी हे करून बघा. मशीन बंद ठेवून पोराला नुसता रॉड प्लेटवरून चालवायला लावा आणि बाजूनं मोबाइलवर शूटिंग करा. कोपर, मनगट, कोन, सगळं दिसतं, खर्च शून्य. आर्कची लांबी तेवढी नीट कळत नाही, कारण रॉड जळत नाही. ज्या संस्थेत एका निदेशकाकडे वीसेक पोरं आहेत आणि खऱ्या मशीन पुरेशा आहेत, तिथं सिम्युलेटर उपयोगी पडेल. जिथं चार पोरांत एक होल्डर फिरतोय तिथं आधी मशीन घ्या.

वॉरंटी आता संपतेय. देखभालीच्या वार्षिक करारावर सही करायची का असं प्राचार्यांनी विचारलं. करा म्हटलं, पण रॉडच्या बजेटमधून एक रुपयाही तिकडे वळवायचा नाही, हे लेखी घ्या असंही सांगितलं.