मुंबई ते न्यूयॉर्क: थेट विमान की वाटेत थांबा?

मुंबईहून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. दुबईमार्गे ते १२,९५० किलोमीटरच्या आसपास भरते आणि फ्रँकफर्टमार्गे १२,७५० च्या जवळ राहते. इतक्या लांबच्या वाटेवर दोन-चारशे किलोमीटर म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचे उड्डाण, त्यामुळे तिकीट निवडताना अंतराचा विचार बाजूला ठेवला तरी चालेल. पाहायचे ते हे, की थांबा प्रवासाच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर येतो.

दुबईला मुंबईहून तीन-सव्वातीन तासांत पोचता येते, पण तिथून न्यूयॉर्कचे उड्डाण चौदा तासांचे असते. म्हणजे सामान आवरून उतरायचे, पुन्हा सुरक्षा तपासणीतून जायचे आणि त्यानंतर जवळजवळ थेट विमानाइतकाच वेळ एका जागी बसायचे. गुडघेदुखी असलेल्या किंवा पायांना सूज येणाऱ्या प्रवाशाला अशा थांब्याचा फारसा उपयोग होत नाही. फ्रँकफर्टमार्गे मात्र साधारण नऊ-नऊ तासांचे दोन भाग पडतात आणि प्रवासाच्या बरोबर मध्यावर पाय मोकळे करायला मिळतात. सलग चार तासांहून अधिक बसून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, हे लक्षात घेतले तर ही विभागणी केवळ सोयीची बाब राहत नाही. विमान बदलण्याचा वेळ धरून दोन्ही मार्गांनी घरापासून घरापर्यंत जवळजवळ एक दिवस जातो.

थेट विमानाला जाताना साधारण सोळा तास लागतात. परतताना तास-दीड तास वाचतो, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे तेव्हा विमानाच्या पाठीशी असतात. वेळापत्रकात रात्री दीडला निघून त्याच सकाळी सातला पोचण्याची नोंद दिसते आणि प्रवास साडेपाच तासांचा वाटतो; पण हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते. शिवाय २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाची, तर एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानची हवाई हद्द बंद झाल्याने कोणती कंपनी कोणत्या वाटेने जाते, यावरही वेळ कमी-जास्त होतो.

आई-वडील पहिल्यांदाच एकटे निघाले असतील आणि इंग्रजीत विचारपूस करणे त्यांना अवघड जात असेल, तर मी थेट विमानच घ्यायला सांगेन. परक्या विमानतळावर पुढचे दार शोधण्याची धास्ती ही सोळा तास बसण्यापेक्षा मोठी असते, आणि तिकिटाबरोबरच चाकाची खुर्ची मागवून ठेवली की दोन्ही टोकांना मदत मिळते. बोलायला सोबत असेल, पण पायांचा त्रास असेल, तर युरोपमार्गे जाणे अधिक बरे. दुबईमार्गाचा विचार मी भाड्यात चांगलाच फरक असेल तरच करीन. थांब्याचा कोणताही मार्ग घेतला तरी दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असावीत, म्हणजे पहिले विमान उशिरा पोचून पुढचे चुकले तर दुसऱ्या विमानाची व्यवस्था करणे ही कंपनीची जबाबदारी राहते. मधला वेळ किमान अडीच तासांचा ठेवावा.