डॅशकॅम आणि ड्रायव्हर स्कोअर: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

भिवंडीच्या गोदामांतून मुंबईभर माल पोचवणाऱ्या आमच्या टेम्पो-आयशरना उन्हाळ्यात डॅशकॅम बसवले. एक कॅमेरा रस्त्याकडे, दुसरा केबिनमध्ये, सोबत जीपीएस आणि गाडीला बसणारा झटका मोजणारा सेन्सर. करकचून ब्रेक, वळणावरचा वेग, कानाला मोबाइल, डुलकी, सगळ्याची नोंद होते आणि दर आठवड्याला प्रत्येक ड्रायव्हरचा शंभरपैकी स्कोअर येतो. पावसाळा, गणपती आणि दिवाळीची धावपळ असं सगळं या यंत्रावर काढलं, म्हणून सविस्तर लिहितो. बाजारातली बहुतेक यंत्रं साधारण याच पद्धतीची आहेत, त्यामुळे कुठलंही घेणार असाल तरी उपयोग होईल.

यंत्र बसवायला आलेल्या माणसानं सल्लाही दिला होता: कमी स्कोअरवाल्यांचे पैसे कापा आणि नावांची यादी ऑफिसात लावा. ते मी केलं नाही. पैसे कापले की ड्रायव्हर गाडी जपून चालवायला शिकत नाही, कॅमेऱ्यावर फडकं टाकायला शिकतो. आमच्याकडे स्कोअर आणि क्लिप आधी ड्रायव्हरच्या मोबाइलवर जातात. त्यानं आपलं म्हणणं रेकॉर्ड करून पाठवलं की मगच आम्ही बघतो. चांगल्या आठवड्याचे पैसे शनिवारीच यूपीआयनं त्याच्या खात्यात टाकतो. पगारात मिसळून महिनाअखेरीला दिले तर ते कशाचे हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

ड्रायव्हरचं म्हणणं ऐकणं किती गरजेचं आहे ते जुलैतल्या एका क्लिपनं दाखवलं. घोडबंदर रोड, गायमुखचा उतार, धो धो पाऊस. डावीकडून एक बाइकवाला खड्डा चुकवत थेट आयशरच्या पुढ्यात आला. आयशर चालवणाऱ्या आमच्या मामांनी ब्रेक दाबला, गाडी हातभर अंतरावर थांबली, बाइकवाला मागे न बघता निघून गेला. यंत्रानं ‘हार्श ब्रेकिंग’ म्हणून मामांचे गुण कापले. मामा म्हणाले, “शेठ, ब्रेक मारला नसता तर मार्क चांगले आले असते.” अगदी बरोबर बोलले. ते गुण परत दिले, वर त्या आठवड्याचा बोनसही दिला, आणि कंपनीच्या मागे लागून ब्रेकची मर्यादा भरलेल्या मालगाडीच्या हिशोबानं बदलून घेतली. मूळ सेटिंग मोकळ्या रस्त्यावरच्या कारसाठी असावं असंच वाटत होतं.

पण ज्यासाठी हे यंत्र घ्यावं असं मला मनापासून वाटतं, ती गोष्ट स्कोअरच्या पानावर नाहीच. आम्ही वेगाच्या नोंदी आणि गाडी उभी राहिल्याच्या वेळा शेजारी शेजारी लावून पाहिल्या. वेग वाढतो तो बहुतेक वेळा गाडी एखाद्या गोदामाच्या गेटवर तासन्‌तास ताटकळल्यानंतर. माल खाली करायला उशीर गोदामाचा, पुढच्या डिलिव्हरीला उशीर झाल्याबद्दल शिव्या ड्रायव्हरला, त्यात अवजड गाड्यांच्या बंदीची वेळ डोक्यावर. मग तो ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर वेळ भरून काढतो. वेग ताशी 80 किलोमीटरच्या वर जाऊ न देणारा स्पीड गव्हर्नर इथे काय करणार? पावसात भरलेल्या गाडीला 60 सुद्धा जास्तच. 40 वरून 60 वर गेलं की वेग दीडपट होतो, पण ब्रेक लागल्यापासून गाडी थांबायचं अंतर सव्वादोनपट होतं.

तो तक्ता घेऊन आम्ही ज्यांचा माल नेतो त्या पार्ट्यांकडे गेलो. काहींनी हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे, द्यायचं कबूल केलं आणि त्यातला वाटा आम्ही ड्रायव्हरला देतो. एका मोठ्या पार्टीनं ऐकून घेतलं नाही, त्यांच्याकडची दुसरी फेरी आम्ही बंद केली. गेटवर वेळ गेला तर पुढची डिलिव्हरी उद्यावर, हे आता ऑफिसातून आधी कळवलं जातं, ड्रायव्हरला फोन करून पिळत नाही. वेगाच्या नोंदी खऱ्या अर्थानं इथून कमी झाल्या. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तास घालून दिले होते. ते पाळायचे तर भाड्याचा हिशोबच तसा बसवावा लागतो. डुलकी लागली म्हणून यंत्रानं बझर वाजवून झोप पुरी होत नाही.

दुसरा फायदा घाटात. पुण्याच्या फेऱ्यांत खंडाळ्याच्या उतारावर न्यूट्रल मारायची जुनी सवय. वेग चढा आणि इंजिनाचे फेरे (आरपीएम) मात्र उभ्या गाडीइतके कमी, असं दिसलं की ओळखायचं. आम्ही रागावलो नाही, वर्कशॉपच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी सांगितलं, हल्लीच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल बंद होतं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. शिवाय इंजिनामुळे वेगाला बसणारा आवर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. डिझेल वाचतं असं समजूनच सगळे न्यूट्रल मारत होते, त्यामुळे हे लगेच पटलं.

त्रासही आहेत. गाडी लेन सोडते तेव्हा वाजणारा इशारा शहरात निरुपयोगी, आम्ही बंदच केला. गॉगल घातला की डुलकीचा अलार्म वाजतो. घाम पुसला तरी मोबाइलची नोंद पडते. तंबाखू मळताना मात्र दोन्ही हात स्टिअरिंगवरून सुटतात, ते यंत्राला दिसतच नाही! आवाजी सूचना हिंदी-इंग्रजीत आहेत. साताऱ्या-बीडकडच्या आमच्या मंडळींना मराठी हवी, ती मागून मागून अजून आलेली नाही.

केबिनच्या कॅमेऱ्याबद्दल भांडून घ्या. ड्रायव्हर तिथेच जेवतो, तिथेच झोपतो, घरच्यांशी तिथूनच बोलतो. इंजिन बंद झालं की आतला कॅमेरा आणि माइक बंद, हे आम्ही करारात लिहून घेतलं आणि ड्रायव्हरना वाचून दाखवलं. ज्या कंपनीला हे जमत नाही, तिचं यंत्र स्वस्त असलं तरी घेऊ नका.

यंत्राची वर्गणी संपली की नूतनीकरण करणार आहे. ज्यांना फक्त ड्रायव्हरवर नजर ठेवायची आहे, त्यांनी हा खर्च टायर आणि ब्रेक लायनरवर करावा.