पायथनमधली लांबलचक मॉड्यूल नावं: पूर्ण लिहायची, फंक्शन उचलायचं की टोपणनाव द्यायचं?

समजा, पुण्यातल्या पीएमपीच्या बस वेळापत्रकाचा कोड तुमच्या गळ्यात पडलाय आणि त्यात ‘पीएमपी.वेळापत्रक.सुट्टी.फेऱ्या’ असं मॉड्यूल, म्हणजे कोडची फाइल, आहे. त्यातलं ‘मोजा’ हे फंक्शन तुम्हाला जागोजागी हवंय.

साधं ‘इम्पोर्ट’ केलंत तर दर वेळी अख्खं नाव लिहावं लागतं. पेप ८ने, म्हणजे पायथनच्या शैली-नियमावलीने, ओळीला ७९ अक्षरांची मर्यादा घातली आहे, त्यातला मोठा भाग तिथेच जातो. पण कोणती गोष्ट कुठून आली हे शोधत बसावं लागत नाही. फाइलमध्ये एक-दोनदाच वापर असेल तर खुशाल असंच ठेवा.

‘फ्रॉम’ने थेट ‘मोजा’ उचललंत तर ओळी सुटसुटीत होतात. मात्र खूप खाली कुठेतरी नुसतं ‘मोजा’ दिसलं की वाचणारा विचारणार, काय मोजू? खरी गोची टेस्ट लिहिताना होते. इम्पोर्ट होताना ते नाव तुमच्या मॉड्यूलमध्ये बांधलं जातं. मग मूळ मॉड्यूलमधलं ‘मोजा’ मॉकने पॅच केलं, म्हणजे टेस्टपुरतं त्याच्या जागी नकली फंक्शन बसवलं, तरी तुमचा कोड जुनंच फंक्शन चालवतो. पॅच तुमच्या मॉड्यूलमधल्या नावावर लावावा लागतो. मूळ मॉड्यूल रीलोड केलं तरी तीच कथा. ‘पाथ’ किंवा ‘डेसिमल’सारख्या स्वतःच बोलणाऱ्या क्लासेसना ही पद्धत शोभते, ‘मोजा’, ‘चालव’, ‘वाच’ अशा फंक्शन्सना नाही. (तारांकित इम्पोर्ट, म्हणजे मॉड्यूलमधली नावं एका फटक्यात उचलणं, मी या स्पर्धेत धरतच नाही.)

टोपणनावाचं गणित वेगळं. जंगली महाराज रस्त्याला जेएम आणि फर्ग्युसन कॉलेज रस्त्याला एफसी म्हटलेलं पुण्यात कुणालाही कळतं, तसं नम्पाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचं ‘एनपी’ आणि पांडाज या डेटा हाताळायच्या लायब्ररीचं ‘पीडी’. पण तुम्ही ‘पीव्हीएसएफ’ असं काही काढलंत तर ते फक्त तुम्हालाच कळणार, तेही महिनाभर. त्यापेक्षा ‘फ्रॉम पीएमपी.वेळापत्रक.सुट्टी इम्पोर्ट फेऱ्या’ लिहा आणि पुढे ‘फेऱ्या.मोजा’ वापरा. लांब शेपूट गेलं, अर्थ राहिला, पॅचचा घोळही टळला. माझं मत यालाच. ‘इम्पोर्ट … ॲज फेऱ्या’नेही हेच साधतं, फक्त ३.७च्या आधीच्या पायथनमध्ये मॉड्यूल्स एकमेकांना इम्पोर्ट करत असतील तर ते अडखळायचं.

पॅकेजच्या, म्हणजे मॉड्यूल्सच्या फोल्डरच्या, ‘इनिट’ फाइलमधून नावं वर आणून ठेवायचा मोह होतो. बाहेरचे लोक वापरणार अशी लायब्ररी असेल तर ठीक. एरवी पॅकेजला हात लावताच आतलं सगळं लोड होतं आणि गोल इम्पोर्टचे (मॉड्यूल्सनी एकमेकांना इम्पोर्ट करण्याचे) गुंते वाढतात.

टीममध्ये टोपणनावं वापरायचीच असतील तर ती रफ या लिंटरच्या (कोड तपासून चुका दाखवणाऱ्या साधनाच्या) ‘आयसीएन००१’ नियमात नोंदवा. नम्पाय-पांडाजची नावं त्यात आधीच असतात, तुमची तिथेच जोडता येतात. मग कोणी वेगळं नाव दिलं की लिंटरच टोकतो, कोड रिव्ह्यूमध्ये तुम्हाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.