मेंढरांना औषध पाजायची गन: वर्षभर वापरून सांगतोय

कंपनीचं नाव विचारू नका, गनवर नावच नाही, नुसतं २० मिली लिहिलंय. सांगलीतनं घेतली, चौदाशेला पडली, सोबत लटकवायचा डिजिटल काटा घेतला त्याचे पैसे वेगळे. आण्णा दोन दिवस बोलले नाहीत, एवढ्यात जंताच्या औषधाचे किती डबे आले असते म्हणून.

आमची जत तालुक्यात साठेक मेंढरं, सगळी माडग्याळ जातीची. इतकी वर्षं पाजायचं माप म्हणजे डब्याचं बूच, मोठ्याला एक बूच, कोकराला अर्धं, विषय संपला. हे माप आजोबांच्या काळातलं, तेव्हा वाड्यात दख्खनी मेंढरं होती, भरून भरून २५-२८ किलोची. माडग्याळची मेंढी आरामात ४० ला जाते, मेंढा तर त्याच्या वर. मेंढरं बदलली, बूच तेच राहिलं.

गेल्या पावसाळ्यात मेंढरं झुरायला लागली, जबड्याखाली पाणी उतरलं, दोन मेली, आणि औषध पाजून महिनासुद्धा झाला नव्हता. मेडिकलवाला म्हणला जुनं औषध आता चालत नाय, हे कडक घ्या, दुप्पट भावाचं, घेतलं आणि तेपण बुचानंच पाजलं, हुशारी बघा आमची.

शेवटी सरकारी दवाखान्यात लेंड्या तपासायला नेल्या. डॉक्टरांनी पहिलं वजन विचारलं, मी ठोकून दिलं तीस असंल. काट्यावर तीच मेंढी ४३ भरली. मग त्यांनी हिशोब मांडला, जंताचं औषध अल्बेंडाझोल २.५ टक्के म्हणजे १ मिलीत २५ मिग्रॅ, किलोला साडेसात मिग्रॅ धरलं तर ४० किलोला १२ मिली पाहिजे. घरी येऊन बूच सिरिंजनं मोजलं, ७ मिली! कमी डोसनं मऊ जंत मरतात आणि चिवट राहतात, पुढची सगळी पैदास त्या चिवटांचीच. त्यात हिमॉन्कस म्हणजे रक्त पिणारा जंत, एक मादी दिवसाला पाच हजारावर अंडी घालते, मग रानात काय पसरत असंल विचार करा.

आता गनबद्दल. मागं चकती फिरवून मिली सेट करायचं, नळी औषधाच्या डब्यात, दांडा दाबला की तेवढंच औषध जातं. दोघं असलो तर साठ मेंढरं तासाभरात होतात, पूर्वी अर्धा दिवस जायचा आणि निम्मं औषध अंगावर. तोटी वाकडी हाय ते बरं, तोंडाच्या कोपऱ्यातनं घालून जिभेच्या मागं सोडता येतं. मान लय वर करू नका, ठसका लागून औषध फुफ्फुसात जातं, आमच्या एका कोकराला झालंय.

पण आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. माझी गन १० वर ठेवली की ९ च सोडते, सिरिंजमध्ये सोडून बघितलं तेव्हा कळलं, आता मी ती तूट धरूनच सेट करतो. नळीत हवा असली तर पहिले दोन-तीन दाब फुकट जातात, ते परत डब्यातच सोडायचे. आणि कळपाचं सरासरी वजन काढू नका, लहान-मोठी वेगळी करून त्या गटातल्या सगळ्यात जड मेंढीच्या वजनानं सेट करा. काट्याचे पैसे इथंच वसूल.

डॉक्टरांनी अजून एक सांगितलं, खालची पापणी ओढून बघायची, लाल असंल तर ती मेंढी सोडून द्यायची, फिकट झालेल्यांनाच पाजायचं. दक्षिण आफ्रिकेत त्याचा १ ते ५ असा रंगांचा तक्ताच काढलाय, फामाचा म्हणतात. सगळ्यांना पाजलं की रानात फक्त औषधाला न मरणारे उरतात, थोडे साधे जंत राहिलेले बरे म्हणे. हे आण्णांना पटवता पटवता माझी पुरेवाट झाली, पंगतीत निम्म्यांना वाढायचं आणि निम्मे उठवायचे का, हा त्यांचा सवाल. दिवाळीनंतर कृष्णाकाठाला गेलो की मात्र नुसत्या पापणीवर जात नाही, तिथं पाणथळ रान, गोगलगायी, त्यांच्यातनं येणारे चपटे जंत, त्याचं औषध डॉक्टरांना विचारूनच. आणि मेंढा लावल्यावर पहिला महिना अल्बेंडाझोल अजिबात नको, पोटातल्या कोकरात दोष येतो.

गननं पाजल्यावर चौदा दिवसांनी परत लेंड्या दिल्या. अंडी ९५ टक्क्यांच्या वर कमी झाली तर औषध चालतंय समजायचं, आमची जवळजवळ दिसलीच नाहीत. औषध तेच हां, जुनं, स्वस्तातलं, मेडिकलवाल्यानं बाद केलेलं.

पाचपैकी चार. एक कापला तो वॉशरसाठी, सहा महिन्यांत फुगला आणि दांडा अडकायला लागला. चूक माझीपण हाय, दोनदा न धुता ठेवली. आता गरम पाण्यानं धुतो आणि गोडंतेलाचा थेंब सोडतो. पण सुटा वॉशर कुठं मिळंना, जत-आटपाडीकडं कुणाला मिळाला तर कळवा, नायतर वॉशरपायी नवीन गन घ्यायची म्हणजे आण्णा परत बोलायचे बंद होतील.