ओडीके कलेक्ट आणि सेंट्रल, आठ महिन्यांनी: ॲप तगलं, एक्सेलनं घात केला

ओडीके म्हणजे फॉर्म भरून माहिती गोळा करायचं सॉफ्टवेअर: कलेक्ट हे फोनमधलं ॲप, सेंट्रल हा त्याचा सर्व्हर. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणीच्या कामात गडचिरोलीकडं आठ महिने वापर झाला. नेटवर्क नसताना फॉर्म भरता येतो, हा दावा शंभर टक्के खरा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. तरी आशाताईंच्या फोनमधले फॉर्म शाबूत राहतात अन् रेंज आली की आपोआप सर्व्हरवर जातात. फोटोच्या प्रश्नाला कमाल १०२४ पिक्सेलची मर्यादा घालाच, नाहीतर रेंजच्या ठिकाणीही अपलोड लटकतं.

मधेच एकाच माणसाचे दोन-दोन एचपीएलसी (सिकलसेल पक्का करणारी रक्ततपासणी) रिपोर्ट दिसू लागले. दोष ओडीकेचा धरून तीन तारे दिले होते, ते मागे घेतो. प्रत्येक फॉर्मला स्वतंत्र आयडी असतो, अन् सेंट्रलमधले सगळे वेगळेच निघाले. घोळ लॅबच्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) होता. कुणीतरी ती डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली आणि सेव्ह केली, बस्स.

आभा (सरकारी आरोग्य खात्याचा) क्रमांक १४ अंकी. ९१२३४५६७८९०१२३ चं एक्सेलमध्ये ९.१२३४६ई+१३ दिसतं, सेव्ह केलं की फाइलीतही तेवढंच उरतं. पुन्हा उघडा: ९१२३४६००००००००. सुरुवातीचे अंक जुळणारे सगळे एकाच नंबरात. वाहकाचा (दोष अंगात, पण आजार नाही) रिपोर्ट रुग्णाला चिकटला तर समुपदेशन कुणाचं करणार? घर क्रमांक ३-१२ असेल तर त्याची ३ डिसेंबर होते. याच खोडीपायी २०२० मध्ये काही मानवी जनुकांची नावं बदलावी लागली, एक्सेल सेप्ट१ ला १ सप्टेंबर समजायचं म्हणून त्याचं सेप्टिन१ झालं. एवढ्या शास्त्रज्ञांनी हात टेकले, तिथं तालुक्याचा डेटा ऑपरेटर काय करील!

फॉर्ममध्ये आभाचा प्रश्न 'इंटिजर' ठेवू नका, कलेक्टमध्ये तो ९ अंकांपुढं जात नाही. 'टेक्स्ट' ठेवा, 'नंबर्स' अपिअरन्स (प्रश्न कसा दिसावा याची सेटिंग) द्या म्हणजे कीपॅड आकड्यांचाच येतो, आणि बरोबर १४ अंकांची अट घाला. फॉर्म आणि लॅब रिपोर्टची जोडणी मात्र आभावर नको, रक्ताच्या ट्यूबच्या बारकोडवर करा. बारकोडात अक्षर सुरुवातीला हवं. आकड्यांच्या मधे इंग्रजी ई तर नकोच. एटापल्लीचा ई घेऊन १२ई००४७ केलंत, तर एक्सेल त्यालाही संख्याच समजतं.

सेंट्रलमधून पायओडीके (ओडीकेची पायथन लायब्ररी) स्क्रिप्टनं डेटा थेट रेडकॅपमध्ये (संशोधनाचा डेटाबेस) टाका, मधे शीट नकोच. लॅबची फाइल बघायचीच असेल तर एक्सेलच्या 'डेटा' टॅबमधून आणा, ६५००१ यूटीएफ-८ निवडा (नाहीतर देवनागरी नावांचा चिवडा होतो) आणि डेटा प्रकार ओळखणं बंद ठेवा.

सॉफ्टवेअर फुकट आहे, सर्व्हरचं भाडं नाही. बॅकअपही आपलाच आपण बघायचा.

आता पाच तारे. लॅबच्या पीसीवर सीएसव्हीचा डबल-क्लिक नोटपॅडला जोडून टाकलाय.