कवितेला आवाजात दिलेली दाद: काही महिन्यांच्या वापरानंतर

हौशी कवीला कसे अभिप्राय मिळतात हे लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ‘वा!’, ‘अप्रतिम’, ‘काळजाला भिडली’, मग जोडलेले हात आणि फुलांचे गुच्छ. देणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, पण कवी होता तिथेच राहतो. म्हणून आम्ही पाच-सहा लिहिणाऱ्यांनी गेल्या पावसाळ्यात एक पद्धत धरली. कुणाची नवी कविता आली की लगेच तिच्यावर काही लिहायचं नाही. ती मोठ्याने वाचायची, फोनवर रेकॉर्ड करायची आणि ते रेकॉर्डिंग थेट कवीला पाठवायचं. आता पुढचा पावसाळा तोंडावर आला आहे आणि पद्धत टिकून आहे. वृत्तात किंवा छंदात, म्हणजे अक्षरांच्या ठरलेल्या मापात, लिहिणाऱ्यांनी ती जरूर वापरावी, असं माझं ठाम मत झालं आहे. मुक्तछंद, म्हणजे असं माप नसलेली कविता, लिहिणाऱ्यांबद्दल पुढे सांगतो, तिथे हात थोडा आखडता घ्यावा लागतो.

वेगळं काही विकत घ्यावं लागलं नाही. फोनमधला साधा रेकॉर्डर पुरतो. बरेच जण व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेजच वापरतात, कारण पाठवण्याआधी तो एकदा ऐकता येतो. पंखा बंद ठेवावा. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला धरावा, समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फटकन आदळतात. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, गाद्या आणि कपाट असलेल्या खोलीत स्वच्छ येतो. मिनिटाचं रेकॉर्डिंग चांगल्या दर्जाचं असलं तरी साधारण एक एमबीचं होतं, म्हणजे डेटाची चिंता नाही. ऐकताना मात्र इयरफोन हवाच. आणि वेग दीडपट करून ऐकू नये. घाईच्या निरोपांना ती सोय चांगली, कवितेत मात्र विराम हाच मजकूर असतो.

प्रत्येक वाचक दोन वाचनं पाठवतो. पहिलं कोरं, म्हणजे कविता डोळ्यांखालून न घालता थेट मोठ्याने वाचलेलं. अडखळलो तर अडखळलेलं तसंच ठेवायचं, पुसायचं नाही. दुसरं दोन-तीनदा मनात वाचून झाल्यावर केलेलं. शेवटी कागद उलटा ठेवून अर्धा मिनिट बोलायचं: कुठली ओळ आठवते आहे, डोळ्यांसमोर काय उभं राहिलं. एवढंच. ‘इथे अमुक शब्द घाल’ हे कवीने विचारल्याशिवाय सांगायचं नाही.

या सगळ्यात कोरं वाचन सोन्यासारखं निघालं. आमच्यातला एक मित्र वीजमंडळात वायरमन आहे. वादळानंतरच्या रात्रीवर त्याने भुजंगप्रयात या वृत्तात कविता लिहिली. लघु म्हणजे आखूड उच्चाराचं अक्षर, गुरू म्हणजे लांब. लघु-गुरू-गुरू हा गट चार वेळा, ओळीत बारा अक्षरं. मनाचे श्लोक याच वृत्तातले, त्यामुळे ही चाल मराठी माणसाच्या कानात लहानपणीच बसलेली असते, त्याला वृत्ताचं नाव माहीत असो वा नसो. मित्राची पहिली ओळ होती, ‘पुन्हा वादळाने दिवे मालवले’. वाचायला सुंदर. पण तिन्ही वाचकांनी कोऱ्या वाचनात ‘मालऽवले’ असा सूर लांबवला. कुणी कुणाचं ऐकलेलं नव्हतं. कानाला एक मात्रा कमी पडत होती आणि जीभ ती आपोआप भरत होती. मित्राने बोटांवर मोजलं: ‘लवले’ म्हणजे लघु, लघु, गुरू, हवं होतं लघु, गुरू, गुरू. त्याने ओळ बदलली, ‘पुन्हा वादळाने दिवे बंद केले’. वृत्त चोख बसलं. शिवाय ‘बंद केले’ हे त्याच्या कामातलं रोजचं बोलणं. कवितेत ते शोभणार नाही म्हणून त्याने टाळलं होतं, आणि तेच आल्यावर कविता त्याची झाली. ‘वृत्त सांभाळा’ असं लिहून कळवलं असतं तर तो खट्टू झाला असता आणि दोष नेमका कुठे आहे हे त्याला तरीही दिसलं नसतं.

जोडाक्षरांचा गोंधळही आवाजातच सुटतो. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, हा नियम शाळेत पाठ होतो आणि नवखे कवी ‘तुझ्या’, ‘पुन्हा’ यांची पहिली अक्षरंही गुरू मोजतात. मराठी उच्चारात तिथे आघात येत नाही, म्हणून ‘तु’ आणि ‘पु’ लघुच राहतात. ‘सत्य’मधल्या ‘स’वर मात्र जोर पडतो आणि तो गुरू होतो. नियम वाचून हा फरक डोक्यात शिरायला वेळ लागतो. दुसऱ्याच्या तोंडून एकदा ऐकला की लगेच कळतो.

अभंगाच्या बाबतीत आम्हाला आणखी एक नियम करावा लागला: गायचं नाही. मोठ्या अभंगाच्या चार चरणांचं माप सहा, सहा, सहा, चार अक्षरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. पण चाल लावली की शेवटच्या चरणात पाच-सहा अक्षरंही मावून जातात. चाल सगळं पोटात घेते. भजनात तो तिचा मोठेपणा आहे, पण लिहिणाऱ्याला आपलं माप कळत नाही. याला जुना दाखला आहे. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं. त्यातले कवी एकत्र बसून एकमेकांना कविता ऐकवत आणि पुढे यशवंत, गिरीश यांच्या काव्यगायनाने कविता महाराष्ट्रभर पोहोचली. कविता लोकांपर्यंत न्यायला गाण्यासारखं साधन नाही. ती दुरुस्त करायला मात्र सपाट, बिनसुराचा आवाजच लागतो. याच कारणाने कवीने स्वतःचं वाचन आधी पाठवू नये. पाठवलं की सगळे त्याच्याच ठेक्यात वाचतात आणि अडखळायचं तिथे अडखळत नाहीत.

वाचकांतही फरक पडतो. आमच्या एका ताईंचा आवाज सुरेख आहे, नाटकात काम केलेला. त्या वाचतात तेव्हा कच्ची ओळही पक्की वाटते आणि कवी खूश होऊन झोपतो. त्यांचं वाचन आता आम्ही शेवटी ऐकतो. सगळ्यात उपयोगी वाचन निघालं ते वर्तमानपत्र वाचावं तसं एका लयीत वाचणाऱ्या काकांचं. त्यांचा आवाज थांबला की तिथे काहीतरी आहे, हे नक्की.

बोलीभाषेतल्या कवितांनी आम्हाला खूप शिकवलं. एका मैत्रिणीने वऱ्हाडीत आईवर कविता केली. कोल्हापूरच्या वाचकाने ‘मले’ आणि ‘काऊन’ अगदी बरोबर वाचलं, पण हेल त्याच्या गावचा. मैत्रिणीला आपलीच कविता ओळखू येईना. अमरावतीकडच्या वाचकाने वाचली तेव्हा तीच कविता उभी राहिली. म्हणजे दोष कवितेत नव्हता, आणि हे कळणंही तिला फार महत्त्वाचं होतं. बोलीतली कविता मुळात कानाची असते. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या माणसांनी ऐकून टिपली म्हणून राहिली, आणि पुस्तकरूपाने आली ती त्यांच्या पश्चात, १९५२ मध्ये. तेव्हापासून आमच्याकडे बोलीतली कविता असली की दोन वाचक धरतो, एक त्याच मातीतला आणि एक बाहेरचा. दोघांच्या वाचनात जेवढा फरक, तेवढी कवितेची बोलीवरची भिस्त.

आता मर्यादा. मुक्तछंदात ओळ कुठे तोडली आहे, किती जागा कोरी सोडली आहे, याला अर्थ असतो. आवाजात त्यातलं निम्मं हरवतं. एका तरुण मित्राच्या पायऱ्यांसारख्या उतरत्या ओळी वाचकांनी सरळ गद्यासारख्या वाचल्या. त्यातल्या दोन ठिकाणी ओळ उगाच तोडली आहे हे त्याला समजलं. पण जिथे तोडणं गरजेचं होतं तिथेही वाचकाचा श्वास थांबला नाही आणि मुलगा नाराज झाला. ती नाराजी मला रास्त वाटली. मुक्तछंदाला आम्ही आता कागदावर छापून, समासात पेन्सिलने खुणा करून अभिप्राय देतो.

दुसरी अडचण जास्त जिव्हाळ्याची आहे. सगळ्यांच्या घरात मोठ्याने कविता वाचायला जागा नसते. बायकांना तर कमीच. कुणी गच्चीवर जातं, कुणी दुपारी घर रिकामं असताना रेकॉर्ड करतं. प्रेमकविता सासरच्या घरात मोठ्याने वाचायची म्हणजे काय, हे आमच्यातल्या एकीने समजावून सांगितलं, तेव्हा आम्ही उत्तराला मुदत घालणं बंद केलं. ज्यांना बोलताना अडखळायला होतं त्यांनाही ही पद्धत जाचक ठरते. त्यांनी लिहूनच द्यावं, आणि त्यांच्या शब्दाचं वजन तेवढंच धरावं.

रेकॉर्डिंग पुढे पाठवायचं नाही, कवीने ऐकून झालं की दोघांनीही ते काढून टाकायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून कडक आहे. नवी कविता आणि माणसाचा आवाज, दोन्ही विश्वासाने दिलेल्या गोष्टी आहेत.

सगळ्यात मोठा फायदा मात्र माझ्या मते वृत्ताचा नाही. ‘वा’ न वाचताही लिहिता येतं. रेकॉर्डिंग न वाचता पाठवताच येत नाही. निवृत्त शिक्षक असोत की कॉलेजातली पोरगी, आपल्या कवितेला कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत आपला श्वास दिला, हे कवीला ऐकू येतं. आमच्यातले दोघे लिहिणं सोडायच्या बेतात होते, ते पुन्हा नेमाने लिहू लागले. आणि वाचणाराही बदलतो. दुसऱ्याची ओळ आपल्या तोंडात घोळवली की तिच्याबद्दल उथळ बोलवत नाही.

सुरू करायचं असेल तर आठ-बारा ओळींची वृत्तातली कविता घ्या, दीर्घकविता नको. वाचक तीन पुरेत, त्यातला एक तरी कविता न लिहिणारा असावा. कोरं वाचन आधी ऐका, हातात कागद घेऊन, आणि आवाज जिथे लांबला, थांबला किंवा घसरला तिथे फक्त टिंब द्या. तिघांचं ऐकून होईपर्यंत ओळ बदलू नका. एकाच जागी तीन टिंबं आली तर तिथे काम करा. एकच आलं तर तो वाचकाचा श्वास समजा आणि ओळ आहे तशी राहू द्या.